चारशे त्रेपन्नचं भोक: एका सायझिंग डायचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी वडोद्याचा. मकरपुरा जीआयडीसीत टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली. डाय, पंच, गेज, हेच आयुष्य. आता निवृत्त आहे. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो, नोकरी सॉफ्टवेअरची, पण हाताला लोखंड लागल्याशिवाय चैन पडत नाही. ते बहुधा आमच्याकडून गेलं असावं. माझे आजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीरावांनी १८९० मध्ये ती शाळा काढली आणि आमच्या घरात सुतारकाम आणि फिटिंग शिरलं ते कायमचं.

भाच्याने तिकडे ०.४५ कोल्ट या काडतुसाचं एक रिव्हॉल्व्हर रीतसर घेतलं. काडतूस १८७३ च्या काळातलं, म्हणजे कलाभवनापेक्षाही जुनं. महिन्यातून दोनदा रेंजवर जाऊन कागदावर भोकं पाडायची एवढाच छंद. तयार काडतुसं महाग, म्हणून शिशाच्या गोळ्या तो घरीच साच्यात ओततो आणि ठरल्या मापाचं भोक असलेल्या सायझिंग डायमधून दाबून सारख्या व्यासाच्या करतो. टेक्सासमध्ये स्वतःच्या वापरापुरतं असं करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे इथल्या कोणी हे वाचून खटपट करू नये. हे लिहितोय ते त्यात मोजमापाची एक गंमत आहे म्हणून, आणि त्या गमतीत मी स्वतः कसा फसलो ते सांगायला.

या लेखात दारूचं वजन, ब्रँड वगैरे काही नाही. भाच्याचं नाव आणि गावही मुद्दाम दिलेलं नाही.

अडचण

रविवारी सकाळी साडेसातला आमचा व्हिडिओ कॉल असतो. तेव्हा त्याच्याकडे शनिवारचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. माझ्यासमोर सेव उसळ, त्याच्यासमोर गॅरेजमधलं टेबल. एका रविवारी त्याने बॅरल कॅमेऱ्यासमोर धरली. "मामा, बघ ना, आत चांदी लावल्यासारखं झालंय."

ती चांदी म्हणजे शिसं. तीस गोळ्या झाडल्या की बॅरलच्या मागच्या टोकाशी, काडतुसं बसतात त्या फिरत्या सिलिंडरला लागून असलेल्या पहिल्या इंचात, शिशाचे ओघळ चिकटायचे. ब्रशने घासून निघायला तास लागायचा. पंचवीस यार्डांवर गोळ्या कागदावर आठ इंचांत विखुरायच्या. रेंजवरच्या मंडळींनी सल्ला दिला होता: शिसं मऊ आहे, कडक कर. त्याने मिश्रणात अँटिमनी वाढवलं. फरक शून्य, थोडं वाईटच झालं म्हणाला.

शिसं कुठे चिकटतंय यावरून बरंच कळतं. पुढच्या तोंडाशी चिकटलं तर बहुतेक वेळा वंगण वाटेतच संपलेलं असतं. मागच्या टोकाशी चिकटलं तर पहिला संशय गोळी सैल असल्याचा. मागून तापलेला वायू गोळीच्या कडेने निसटतो, जाता जाता शिसं कापतो आणि पुढच्या पोलादावर थापतो. कडक गोळी या बाबतीत उलट नडते. मऊ गोळी दाबाखाली थोडी फुगून फट बुजवते, कडक गोळी कमी दाबाला फुगत नाही.

मी विचारलं, "गोळी किती व्यासाची?"

"०.४५२ इंच. सगळे तेवढीच करतात."

"तुझी किती?"

त्यावर तो गप्प.

मोजमाप

पहिले दोन रविवार फक्त मोजण्यात गेले आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही.

त्याच्याकडे डिजिटल व्हर्नियर होता. त्यावर एक थाऊची खात्री धरू नये, अर्ध्या थाऊचं तर नावच काढायला नको. नव्या मुलांसाठी: थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. वर व्हर्नियरचे जबडे शिशात रुततात. त्याला दहा-हजारांश इंच दाखवणारा मायक्रोमीटर घ्यायला लावला आणि रॅचेट फिरवायला शिकवलं. भोकात घालून माप पाहायच्या, एकेक थाऊच्या अंतराने बनवलेल्या पिन गेजचा एक संचही मागवला. नियम एकच घातला: प्रत्येक माप तीनदा घ्यायचं, मोठ्याने सांगायचं, त्यानंतरच मला काटा दाखवायचा. मी आधी पाहिला तर मीच वाचून सांगतो आणि त्याचा हात तयार होत नाही.

गॅरेजमध्ये ३६ अंश होते. माझ्या टूलरूमच्या गेज खोलीत २०, जे जगभर मोजमापाचं मानक तापमान आहे. मला आधी चिंता वाटली, मग कागदावर हिशोब केला. साडेअकरा मिलिमीटरच्या गोळीत सोळा अंशांनी शिसं जेमतेम पाच मायक्रॉन वाढतं. चालेल. मात्र साच्यातून नुकती काढलेली गरम गोळी मोजायची नाही, एवढं सांगितलं.

रिव्हॉल्व्हर रिकामं करून, सिलिंडर काढून, बॅरलमध्ये तेल लावलं आणि मऊ शिशाचा एक गोळा ठोकत पलीकडे नेला. मासेमारीच्या गळाला लावतात त्यातला. त्या गोळ्यावर बॅरलच्या खाचांचा ठसा उमटतो. खाचा सहा होत्या, म्हणजे समोरासमोर. त्यामुळे मायक्रोमीटर सरळ बसला. पाच असत्या तर व्ही आकाराच्या ऐरणीचा वेगळा मायक्रोमीटर शोधावा लागला असता. खाचेपासून खाचेपर्यंत ०.४५१५ निघालं.

मग सिलिंडर. प्रत्येक चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकाचं, पुढचं तोंड थोडं अरुंद असतं, त्याला थ्रोट म्हणतात. गोळी काडतुसातून सुटली की आधी थ्रोटमधून जाते, मग उडी मारून बॅरलमध्ये शिरते. पाच थ्रोट ०.४५३० आणि एक ०.४५२५.

शेवटी गोळी. डायवर ०.४५२ कोरलेलं होतं. त्या डायमधून निघालेली गोळी मात्र ०.४५१५.

म्हणजे गोळी बॅरलला बरोबर होती, पण बॅरलपर्यंत पोचण्याआधी दीड थाऊ मोठ्या भोकातून सैल जात होती. त्याने एक गोळी थ्रोटमध्ये ठेवली, ती स्वतःच्या वजनाने खाली पडली. टुणकन आवाजही आला फोनवर. निदान तिथेच झालं. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळीचं माप थ्रोट ठरवतो. बॅरल थ्रोटपेक्षा लहान असेल तर शिसं खुशाल दबून आत जातं.

साच्यातून गोळी कितीची पडते तेही पाहिलं: ०.४५४० ते ०.४५४५. हे पाहिलं नसतं तर पुढचं सगळं फुकट गेलं असतं. साचाच जर ०.४५२ ची गोळी देत असेल, तर डाय कितीही मोठी केली तरी गोळी तिला न टेकता निघून जाते.

कोणते पर्याय होते

पहिला, गोळी डायमधून न काढता जशी ओतली तशीच वापरायची. फुकटातला उपाय. पण साच्याच्या जोडावर गोळी पूर्ण गोल नसते, आणि ०.४५४५ ची गोळी पितळी केसमध्ये बसली की काडतूस एवढं जाड होतं की ते चेंबरमध्ये अडकण्याची भीती. अडकलेलं काडतूस ठोकून बसवणारी माणसं मी पाहिली नाहीत, पण पाहायचीही नाहीत.

दुसरा, पावडर कोटिंग. रंगाचा थर भट्टीत भाजला की गोळी थाऊ-दोन थाऊने जाड होते. पण मग पुन्हा डायमधून काढायची, म्हणजे परत तेच भोक. भाच्याच्या घरी स्वयंपाकाची भट्टी एकच आहे आणि सुनबाईंनी त्यावर जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसरा, हव्या मापाची डाय ऑर्डर देऊन करून घ्यायची. अशा डाय करून देणारी छोटी वर्कशॉप तिकडे आहेत. महिनाभर थांबावं लागलं असतं.

चौथा, सहावा थ्रोट रीमरने, म्हणजे भोक कापून मोठं करणाऱ्या अवजाराने, मोठा करून सगळे सारखे करायचे. हा मी तिथल्या तिथे उडवला. रिव्हॉल्व्हरला हात लावायचा नाही. चूक होणारच असेल तर स्वस्त वस्तूत होऊ दे.

पाचवा, आहे तीच डाय आतून घासून ०.४५३० वर आणायची.

भाचा म्हणाला, "डाय तुझ्याकडे पाठवतो मामा, तू करून दे." मलाही मोह झाला. पण दारूगोळ्याशी संबंधित अवजार कुरियरने भारतात आणायचं, पुन्हा पाठवायचं, कस्टम्सला समजावायचं, हे कशासाठी? नाही म्हटलं. काम त्याने करायचं, मी फक्त बघायचं.

आपण पाचवा का निवडला, याचं खरं उत्तर मला आता देता येतं. तिसरा पर्याय सरळ होता. पण माझे हात शिवशिवत होते.

काय केलं

०.४५१५ वरून ०.४५३० म्हणजे व्यासात दीड थाऊ, एका बाजूला पाऊण थाऊ. भाचा आधी प्रत्येक बाजूला दीड समजून बसला होता. हा गोंधळ टूलरूममध्ये नवीन पोरं दर वर्षी करतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

डायच्या कडेवर कानस लावून पाहिली, ती घसरली. डाय कडक केलेली होती, म्हणजे रीमरचा प्रश्नच मिटला; लॅपिंगच, म्हणजे घासणारी पेस्ट लावलेला दांडा (लॅप) भोकात पुढेमागे फिरवायचा. त्याच्याकडे शिसं भरपूर होतं, म्हणून लॅपही शिशाचाच केला. डाय थोडी गरम करून तिच्या भोकाला मेणबत्तीची काजळी धरली, मधोमध आटे असलेला एक रॉड उभा धरला आणि भोवती शिसं ओतलं. थंड झाल्यावर शिसं किंचित आकसतं. दोन्ही टोकांना हातोडीने हलके ठोकलं की पुन्हा फुगून घट्ट होतं. त्यावर ६०० नंबरच्या सिलिकॉन कार्बाइडची पेस्ट. मऊ शिशात कण रुतून बसतात आणि कडक पोलाद कापतात. शिकाऊ पोरांना हे उलटं वाटतं. त्यांना वाटतं, कडक वस्तूच कडक वस्तूला कापणार.

लॅप पुढेमागे करायचा, दर वेळी थोडा फिरवायचा, आणि डायची दिशा मधूनमधून उलटी करायची. चाळीस मिनिटांनी डाय रॉकेलने धुतली, एक गोळी दाबून काढली, मोजली: ०.४५१९. चार दशांश थाऊ. भोक मोजायचं नाही, गोळी मोजायची, कारण आपल्याला गोळी हवी आहे. या चाचणीच्या गोळ्या वेगळ्या डब्यात. त्यात कण रुतलेले असू शकतात आणि तशी गोळी झाडली तर बॅरलच घासली जाईल.

एक गोष्ट मध्येच. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, बंदुकीपेक्षा शिशाची काळजी जास्त, आणि ते योग्यच आहे. तिकडे मुलांच्या रक्तातल्या शिशाची सूचक पातळी २०२१ पासून डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली आहे. म्हणून गॅरेजमध्ये वेगळे कपडे आणि चपला, टेबल ओल्या फडक्यानेच पुसायचं, झाडू मारायचा नाही, खाणंपिणं बंद, हात साबणाने धुऊन मगच घरात. घासलेल्या पेस्टचा गाळ बंद डब्यात. ताईने हे कॉलवर दोनदा वदवून घेतलं.

पुढचा रविवार यायच्या आत पोराचा धीर सुटला. बुधवारी रात्री त्याने लाकडी दांडीला चीर पाडली, त्यात ४०० नंबरचा एमरी पेपर गुंडाळला, ड्रिलला लावला आणि पाच मिनिटं फिरवलं. रविवारी कॅमेऱ्यासमोर चेहरा पडलेला. पिन गेज घालून पाहिले: ०.४५४ ची पिन खालच्या तोंडातून पाव इंच आत जात होती, ०.४५२ आरपार, ०.४५३ मध्येच अडकत होती. बेलमाउथ. तोंडाशी पसरट, आत अरुंद. हातातल्या ड्रिलने दुसरं काही होत नाही.

मी मनातल्या मनात डाय भंगारात टाकली होती. मग विचारलं, "गोळी कुठून शिरते?" खालून. पसरट तोंड शिरण्याच्या बाजूला होतं. गोळीचं माप शेवटी सगळ्यांत अरुंद कडं ठरवतं, आणि ते आत शाबूत होतं. गोळी दाबून पाहिली: ०.४५२७. नशीब बलवत्तर. गोळी आता सरळ बसून आत जायला लागली, पूर्वी कधीकधी तिरकी व्हायची. मी त्याला हे लगेच सांगितलं नाही. दहा मिनिटं रागावून घेतलं.

नवा शिशाचा लॅप ओतून वीस मिनिटं हाताने काम केलं आणि ०.४५३० वर थांबलो. सहाव्या थ्रोटला गोळी अर्धा थाऊ मोठी होती. शिशाला तेवढं दबणं जड नाही. उलट पाच सैल आणि एक बरोबर यापेक्षा पाच बरोबर आणि एक किंचित घट्ट बरं.

निकाल, पहिला आणि दुसरा

रेंजवरून फोन आला. चिकटलेलं शिसं निम्म्यावर आलं होतं. निम्म्यावर!

निम्मा निकाल फार वाईट. काहीच फरक पडला नाही तर माणूस मुळाशी जातो. निम्मा पडला की इकडेतिकडे चाचपडतो. आम्ही तीन आठवडे वंगण बदललं, मिश्रणात कथिल वाढवलं, बॅरल पुन्हा मोजली. मी तर मायक्रोमीटरवर संशय घेतला.

शेवटी एका रविवारी मी सहज विचारलं, "गोळी काडतुसात बसल्यावर किती असते?" तो म्हणाला, तेवढीच असणार ना. मी म्हटलं, दाखव. त्याने दारू आणि कॅप नसलेलं, नुसती केस आणि गोळी असं एक नकली काडतूस बनवलं, सगळ्या डायमधून नेहमीसारखं काढलं, मग गोळी उपसून मोजली.

०.४५१६.

आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

झालं असं की केसचं तोंड गोळीवर आवळणारी त्याची शेवटची डाय साधी नव्हती. तिच्या आत कार्बाइडचं एक कडं होतं. तयार काडतूस कुठल्याही चेंबरमध्ये जावं म्हणून ते बाहेरून पुन्हा मापात दाबतं. तांब्याचं जाकीट असलेल्या नेहमीच्या गोळीला त्याने काही होत नाही. जाड शिशाची गोळी मात्र केससकट आवळली जाते. पितळ थोडं उसळी घेऊन परत येतं, शिसं येत नाही. आम्ही पाच रविवार खपून मिळवलेला दीड थाऊ ती डाय अर्ध्या सेकंदात परत घेत होती. त्यात केसचं तोंड मोकळं करणारा पंचही जाकिटाच्या गोळीच्या मापाचा, बारीक होता. जे काही उरलं असेल ते त्याने दाबलं.

मग निम्मा फरक तरी कसा पडला? ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आवळायला कडं नसलेली साधी डाय आणली आणि पंच मोठा घेतला. पुन्हा नकली काडतूस, पुन्हा उपसून माप: ०.४५२८. मग अशी बारा नकली काडतुसं करून सहाही चेंबरमध्ये टाकून पाहिली. बोटाने न ढकलता पूर्ण बसली पाहिजेत आणि उलटं केलं की पडली पाहिजेत. जाड गोळी वापरताना ही तपासणी टाळता येत नाही, कारण आता ते सुरक्षेचं कडं राहिलेलं नाही. बाराही पास झाली.

त्यानंतर पन्नास गोळ्या झाडल्यावर बॅरलमध्ये फक्त करडा पुसट थर, कोरड्या फडक्याच्या एका फेरीत गेला. पंचवीस यार्डांवर भोकं तीन इंचांत.

वेगळं काय करता आलं असतं

नकली काडतूस पहिल्याच रविवारी उपसून मोजायला हवं होतं. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. मी गोळीच्या वाटेवरचं प्रत्येक भोक मोजलं, साचा, डाय, थ्रोट, बॅरल. केस आणि तिच्यावरून फिरणारी डाय मात्र माझ्या यादीतच नव्हती, कारण ते "भरण्याचं" काम आणि मी स्वतःला "मोजण्याचा" माणूस समजत होतो. लाजिरवाणी गोष्ट ही की बेलमाउथच्या दिवशी मीच त्याला ऐटीत सांगितलं होतं, सगळ्यांत अरुंद कडं माप ठरवतं. आणि तसलंच आणखी एक कडं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला प्रेसमध्ये आटे लावून बसलेलं होतं.

डाय मोठी करण्याआधी एक जास्तीची डाय घेऊन ठेवायला हवी होती. घासलेलं पोलाद परत येत नाही, आणि आमची डाय वाचली ती पसरट तोंड योगायोगाने बरोबर बाजूला पडलं म्हणून. पेस्ट, पिन, मायक्रोमीटर, नवी आवळणी डाय, पंच, सगळं धरलं तर ऑर्डरची डाय स्वस्त पडली असती. भाचा म्हणतो, मायक्रोमीटर राहिला ना. मीही तेच म्हणतो, पण ताईसमोर नाही.

तीन आठवडे आम्ही एका वेळी दोन-दोन गोष्टी बदलल्या. वंगण आणि मिश्रण एकाच दिवशी. त्यामुळे त्यातल्या कशाचा काय परिणाम झाला ते आता कधीच कळणार नाही.

ड्रिलबद्दल माझं मत कडक होतं ते थोडं सैल झालंय. रविवार ते रविवार थांबायला लावणं ही माझी चूक. रोज दहा मिनिटं हाताने घासायला दिली असती तर त्याने बुधवारी ड्रिल उचललं नसतं.

सहावा थ्रोट अजून ०.४५२५ आहे. दर महिन्याला तो रीमरचा विषय काढतो आणि मी उसळीत सेव घालतो. डायवरच्या ४५२ वर मात्र त्याने काट मारली आहे, खाली हाताने ४५३ कोरलंय, शेजारी तारीख.